सोन्याच्या गावी, शनिवारी

ऑफिसच्या मेलमध्ये 'कन्फर्म बाय मंडे' असे तीन शब्द दिसले, की शनिवार-रविवारचं वाटोळं झालंच म्हणून समजा. माझंही व्हायच्या बेतात होतं.

झालं असं, की तीन आठवड्यांच्या बिझनेस ट्रिपवर मी कॅलिफोर्नियात होते. सॅक्रामेंटोजवळ फॉल्सम नावाचं गाव आहे, तिथे. दुसऱ्याच आठवड्यात क्लायंट खूश झाला, मॅनेजर त्याहून खूश झाला आणि शुक्रवारी संध्याकाळी मेल येऊन पडला : एल-वन व्हिसावर तीन वर्षांसाठी इकडेच येणार का? हिंजवडीला आमच्या फ्लोअरवर 'ऑनसाइट' एवढं नुसतं पुटपुटलं तरी चार माना गर्रकन वळतात. मी खरं तर नाचायला हवं होतं. पण मी लॅपटॉप हळूच बंद केला आणि कुणाला काही न सांगता जेवायला बसले.

कारण मी ज्यांच्या घरी राहत होते, त्या घराच्या फ्रिजवर एक आकडा लिहिलेला होता. ४०.

निखिलदादा माझा मावसभाऊ. दहावी, बारावी, सीईटी अशा सगळ्या परीक्षांत माझी ज्याच्याशी तुलना झाली तो हाच, हे या पानाच्या वाचकांना पाठ असेल. गेली अकरा वर्षं तो अमेरिकेत. एच-वन-बी, मग ग्रीन कार्डाची रांग, मग रांगेतच म्हातारपण येणार याची हळूहळू पटत गेलेली खात्री. आणि ऑगस्टमध्ये एका सकाळी साडेआठ वाजता पंधरा मिनिटांची मीटिंग झाली नि नोकरी गेली. एच-वन-बीवाल्याची नोकरी गेली, की दुसरी शोधायला किंवा देश सोडायला जास्तीत जास्त साठ दिवस मिळतात. नोकरी जाण्याचं दुःख, अपमान, इएमआय वगैरे सगळं त्या साठातच बसवायचं. वहिनी तिथल्या एका प्रीस्कूलमध्ये शिकवते, पण तिचं वर्क परमिटही दादाच्याच व्हिसाच्या शेपटीला बांधलेलं. फ्रिजवर कुणी उघडपणे 'किती दिवस झाले' असं लिहिलं नव्हतं. इराच्या होमवर्कच्या छोट्या व्हाइटबोर्डच्या कोपऱ्यात दादा रोज सकाळी एक आकडा पुसायचा आणि पुढचा लिहायचा. बस.

अशा घरात बसून 'मला ऑनसाइट मिळतंय' हे सांगायचं कसं, सांगा बरं?

शनिवारी सकाळी आकडा ४१ झाला. दादा नेहमीसारखा लॅपटॉप घेऊन डायनिंग टेबलावर बसला आणि वहिनीने मागून येऊन तो मिटवला. म्हणाली, "आज शनिवार आहे. आज कुठलाही रिक्रूटर तुला फोन करणार नाहीये. आपण फिरायला जातोय."

"कुठे?"

"फिडलटाऊन."

इरा आठ वर्षांची आहे. तिला वाटलं, आई चेष्टा करतेय. मलाही.

*

तर मंडळी, फिडलटाऊन नावाचं गाव खरंच आहे. लोकसंख्या दोनशेच्या आसपास, म्हणजे आमच्या सोसायटीच्या दोन विंग. फॉल्समहून लॅट्रोब रोडने खाली उतरायचं, मग हायवे ४९ वर येऊन प्लिमथ नावाच्या छोट्या गावातून आत वळायचं. सगळं मिळून तासाभराचा रस्ता. आणि रस्ता सॉल्लिड आहे. टेकड्यांवरचं गवत उन्हाळाभर वाळून अगदी सोनेरी झालेलं, त्यात मधेच एकेकटे उभे काळपट-हिरवे ओक. पुण्याच्या माणसाला सप्टेंबर म्हणजे हिरवंगार असतं. इथे उलटा प्रकार. पाऊस हिवाळ्यात, गवत तेव्हा हिरवं. दादा म्हणाला, "पहिल्या वर्षी मला वाटलं होतं दुष्काळ पडलाय."

हायवेला ४९ हा नंबर उगाच दिलेला नाही. २४ जानेवारी १८४८ ला इथून फार लांब नाही अशा कोलोमा गावी, जेम्स मार्शल नावाच्या सुताराला लाकूडकापणीच्या गिरणीच्या पाटात सोन्याचे कण दिसले. बातमी फुटली आणि १८४९ मध्ये जगभरातून माणसं इकडे धावली. त्यांना 'फॉर्टीनायनर्स' म्हणतात. हा हायवे त्यांच्याच गावांतून वळत वळत जातो. ज्याला सोनं सापडलं तो मार्शल १८८५ मध्ये कफल्लक मरण पावला. ज्याच्या गिरणीवर सापडलं तो सटरही धुपला. पैसा केला तो फावडी-घमेली विकणाऱ्यांनी. हा फंडा आपल्याला स्टार्टअपवाले हल्ली रोज ऐकवतात, त्यामुळे इथे लांबवत नाही.

फिडलटाऊनला पोहोचल्यावर आमची पहिली प्रतिक्रिया : संपलं? एक रस्ता. दोन्हीकडे झाडं. काही जुनी घरं, एक-दोन दगडी भिंती आणि गावच्या हॉलच्या दर्शनी भागावर एक भलंमोठं लाकडी फिडल. म्हणजे व्हायोलिनच, पण गावठी बाजाने वाजवलेलं. इरा धावत जाऊन त्याच्याखाली उभी राहिली आणि आम्ही सगळ्यांनी तोच फोटो काढला जो सगळेच काढतात.

नावाची गोष्ट मात्र ऐकण्यासारखी आहे. १८४९ मध्ये मिसूरीहून आलेल्या लोकांनी गाव वसवलं. पोरं सारखी फिडल वाजवत बसायची, म्हणून कुणा वडीलधाऱ्याने ठेवलं 'फिडलटाऊन'. पुढे गावात एक जज्जसाहेब झाले. कामानिमित्त सॅक्रामेंटो, सॅन फ्रान्सिस्कोला जात आणि तिथे लोक त्यांना 'फिडलटाऊनचा माणूस' म्हणत. साहेबांना लाज वाटायला लागली. त्यांनी खटपट करून १८७८ मध्ये गावाचं नाव 'ओलीटा' करून घेतलं. बॉस, हे ऐकून मला एकदम घरच्यासारखं वाटलं! आपल्याकडे नऱ्ह्यात फ्लॅट घेतलेला माणूस 'सिंहगड रोड' सांगतो आणि मारुंजीवाला 'हिंजवडी ॲनेक्स'. फरक एवढाच, की फिडलटाऊनवाल्यांनी १९३२ मध्ये जुनं नाव परत आणलं. तोवर जज्जसाहेबांचं कुणाला काही पडलेलं नव्हतं.

*

वहिनी आम्हाला इथे ज्यासाठी घेऊन आली होती, ती गोष्ट फिडल नव्हती.

रस्त्याच्या कडेला एक बुटकी, मातकट रंगाची इमारत आहे. 'च्यू की स्टोअर'. १८५० च्या दशकातली. विटांची नाही, दगडाची नाही, तर मातीची. ओलसर माती लाकडी साच्यात टाकून धुमसायची, वर आणखी थर, परत धुमसायचं, अशा पद्धतीने उभ्या केलेल्या जाडजूड भिंती. बाहेर भाजून काढणारं ऊन होतं आणि दारातून आत पाऊल टाकलं तर आजोळच्या माजघरासारखा गारवा. उन्हाळ्याच्या महिन्यांत शनिवारी दुपारचे काही तास एवढंच हे संग्रहालय उघडं असतं आणि गावातलेच लोक ते सांभाळतात. त्यामुळे जायचं असेल तर शनिवारच गाठा. रविवारी गेलात तर कुलूप बघून परत याल.

आत एक आजी बसल्या होत्या. आमच्याखेरीज कुणीच नव्हतं, त्यामुळे त्या एकदम मूडमध्ये आल्या.

हे दुकान होतं यी फंग चंग नावाच्या चिनी वैद्याचं. १८५० च्या सुमाराला तो चीनहून इथे आला तो बाकीच्यांसारखा सोनं शोधायला. कॅलिफोर्नियाला तेव्हा कँटनकडचे लोक 'गम सान' म्हणायचे, म्हणजे सोन्याचा डोंगर. थोड्याच दिवसांत त्याच्या लक्षात आलं, की डोंगर काही आपल्याला प्रसन्न होणार नाही. मग त्याने जे येत होतं ते काढलं. जडीबुटी. नाडी बघायची, पुड्या बांधायच्या. तेव्हा या गावात चिनी माणसांची मोठी वस्ती होती. समोरच्या बाजूला त्यांचं वाणसामानाचं दुकान आणि जुगाराचा अड्डा होता, त्या इमारतीही अजून उभ्या आहेत.

पुढे या वैद्याने सॅक्रामेंटोतही बस्तान बसवलं. तिथली एक गोष्ट आजींनी डोळे मोठे करून सांगितली. १८६२ मध्ये गव्हर्नर लेलंड स्टॅनफर्डची बायको फुफ्फुसाच्या दुखण्याने अंथरुणाला खिळली होती. डॉक्टरांनी हात टेकले. घरातल्या चिनी आचाऱ्याने यी वैद्याकडून औषध आणलं आणि बाई बऱ्या झाल्या. औषधात 'मा हुआंग' नावाची वनस्पती होती, जिच्यातून पुढे एफिड्रिन मिळालं. ही कथा अशी सांगितली जाते. तिची किती पोटं भरलेली असतील देव जाणे. पण हेच स्टॅनफर्डसाहेब त्याच वर्षी जानेवारीत गव्हर्नरपदाच्या पहिल्या भाषणात म्हणाले होते, की आशियातून येणाऱ्या हलक्या वंशाच्या लोकांना इथे वसू देता कामा नये. ते मात्र कथा नाही, त्यांच्या भाषणात छापलेलं आहे. त्यांच्या मुलाच्या नावाने काढलेल्या युनिव्हर्सिटीत आज आपल्यातल्या निम्म्या लोकांना ॲडमिशन हवी असते.

भिंतीवर खाणकरांवरच्या कराची माहिती होती. दादा तिच्यासमोर जो उभा राहिला तो हलेना.

१८५० मध्ये कॅलिफोर्नियाने परदेशी खाणकरांवर कर बसवला. महिन्याला वीस डॉलर. त्या काळात! सोनं शोधणारे सगळेच बाहेरून आलेले, पण कर फक्त 'परदेशी' असेल त्याला. लोक इतके वैतागून निघून गेले, की बाजारपेठाच ओस पडल्या आणि वर्षभरात तो मागे घ्यावा लागला. मग १८५२ मध्ये नवा आला, महिन्याला तीन डॉलर. पुढच्या वर्षी चार. तो मुख्यतः चिनी लोकांकडून वसूल व्हायचा आणि १८७० पर्यंत चालला. त्यात १८५४ मध्ये कोर्टाने निकाल दिला, की गोऱ्या माणसाविरुद्ध चिनी माणसाची साक्ष चालणार नाही. म्हणजे वसुलीवाल्याने चाराऐवजी आठ घेतले, वर दोन लाथा घातल्या, तरी तक्रार कुणाच्या तोंडून करणार? खाणीत उतरलास तर कर. पुड्या बांधत बसलास तर तो कर नाही. वैद्यबुवा हुशार होते.

"वीस डॉलर," दादा पुटपुटला. "हे परवडलं."

२०२५ च्या सप्टेंबरात नव्या एच-वन-बी अर्जांसाठी एक लाख डॉलरची फी जाहीर झाली, तेव्हा आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जोक फिरले होते. दादाने त्या दिवशी एकाही जोकवर स्मायली टाकली नव्हती, हे मला तिथे उभं असताना आठवलं.

वैद्यानंतर दुकान च्यू की नावाच्या माणसाकडे आलं, म्हणून हे नाव. १८८२ मध्ये अमेरिकेने चिनी मजुरांना देशात यायची बंदी केली. ती १९४३ पर्यंत टिकली. नवं कुणी येईना, जुने म्हातारे झाले, काही मेले, काही परत गेले. गावातली चिनी वस्ती विरत विरत एका माणसावर आली. जिमी चाव. मूळ नाव फाँग चाव याव. तो याच गावात जन्मलेला. त्याला ज्यांनी वाढवलं ते च्यू कीचं कुटुंब चीनला परत गेलं, पण हा इथेच राहिला. या मातीच्या घरात, एकटा. मागच्या खोलीत त्याची झोपायची जागा. पुढची खोली त्याने जशीच्या तशी ठेवली : औषधांच्या डब्या, कप्पे, कागद, हिशेब, सगळं. १९६५ मध्ये तो गेला तेव्हा गावातला शेवटचा चिनी माणूस गेला. त्याने काही फेकलं नाही म्हणून आज आपल्याला बघायला हे सगळं आहे.

इराने विचारलं, "आत्या, तो चायनाला का नाही गेला?"

मी म्हटलं, "तो इथेच जन्मला होता ना. त्याने चीन पाहिलंच नसेल."

"मग तो इथलाच होता."

"हो."

"लाइक मी," इरा म्हणाली आणि पुढच्या डब्या बघायला निघून गेली.

दादा आणि वहिनी, दोघंही एकदम वेगवेगळ्या भिंतींकडे बघायला लागले. इराचा जन्म फॉल्समचा. पासपोर्ट निळा. साठावा दिवस उलटला तर जायचं दोघांना, तिला नाही. पण ती येणार त्यांच्याबरोबर हडपसरच्या वन बीएचकेत. तिला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही आणि डास चावले की तिला पित्त उठतं. हे हिशेब घरात रात्री बारानंतर, दार लावून होत असत. मला ऐकू येत असत.

*

आता थोडं वाइनबद्दल. कारण हे गाव आहे वाइनच्या मुलखात. फिडलटाऊनच्या शेजारीच शेनँडोआ व्हॅली आहे, सगळीकडे द्राक्षमळे आणि टेस्टिंग रूम्स. नापाला गेलेल्यांनी इथे येऊन बघावंच. नापात एका टेस्टिंगचं बिल बघून तोंडाला कोरड पडते; इथे त्यामानाने खूपच स्वस्त, आणि ग्लास भरणारा माणूस बऱ्याचदा मालकच असतो. गाडी वहिनी चालवत होती, ती पीत नाही. तेव्हा पुढचं सगळं निर्धोक.

इथलं मुख्य पीक झिन्फँडेल. नाशिकचे मळे बघितलेल्यांना गंमत वाटेल, कारण इथल्या जुन्या बागांना ना मांडव ना तारा. बुटकी, जाड बुंध्याची, वाकडीतिकडी खोडं, एखाद्या आजोबांच्या संधिवाती हातासारखी. फुटलेल्या ग्रॅनाइटच्या लालसर मातीत सुटी सुटी उभी. काही बागांना पाणीसुद्धा देत नाहीत. या परिसरातल्या एका बागेची नोंद १८६९ च्या खरेदीखतात सापडते आणि ती बाग अजून फळ देते! आम्ही गेलो तेव्हा तोडणी चालू होती. रस्त्याच्या कडेने द्राक्षांचे मोठाले क्रेट भरलेले ट्रक आणि हवेत गुळाच्या गुऱ्हाळाजवळ येतो तसा वास.

जिथे गेलो ती वायनरी १८५६ सालची. ॲडम उलिंगर नावाच्या स्विस माणसाने सुरू केलेली. पुढे द'आगोस्तिनी नावाच्या इटालियन कुटुंबाने पाऊणशे-ऐंशी वर्षांच्या आसपास चालवली, आता सोबन इस्टेट. जुन्या तळघराच्या दगडी भिंती, हाताने तासलेल्या तुळया, माणसाहून उंच पिंपं असं सगळं बघायला ठेवलंय. गोल्ड रशमध्ये माणसं आली, माणसांना तहान लागली, म्हणून वेली आल्या. सोनं आटत गेलं तसे बरेच मळे उजाड झाले. मग १९२० ते १९३३ देशभर दारूबंदी. तरीही वेली टिकल्या, कारण घरी पिण्यापुरती वाइन करायची मुभा कायद्यात होती आणि द्राक्षं विकायला बंदी नव्हती. नंतरची गंमत तर और आहे. १९७० च्या दशकात नापातल्या सटर होम वायनरीने झिन्फँडेलपासून फिकट गुलाबी, गोडसर 'व्हाइट झिन्फँडेल' काढली. मुळात अपघात होता. एका पिंपातलं आंबवणं मधेच थांबलं आणि साखर उरली. खरे दर्दी नाकं मुरडतात, पण ती अशी धो धो खपली, की झिन्फँडेलला भाव आला आणि जुन्या बागा उपटायच्या राहून गेल्या. सरबतासारख्या वाइनने दीडशे वर्षांच्या वेली वाचवल्या. मला तर ती गोड गुलाबीच जास्त आवडते, पण हे टेस्टिंग रूममध्ये मोठ्याने बोलायचं नसतं, हे मी शिकले.

आणि सगळ्यात भारी भाग पुढेच. ही झिन्फँडेल 'कॅलिफोर्नियाची आपली' म्हणून मिरवायची. कुठून आली कुणाला धड माहीत नव्हतं. डेव्हिसच्या युनिव्हर्सिटीत कॅरल मेरेडिथ या बाईंनी डीएनए तपासले, क्रोएशियातल्या शास्त्रज्ञांबरोबर शोधत राहिल्या आणि २००१ मध्ये छडा लागला : क्रोएशियाच्या किनाऱ्यावरचं एक जवळजवळ नामशेष झालेलं द्राक्ष. नाव त्स्र्ल्येनाक काश्तेलान्स्की. (म्हणून बघा. मी तीनदा प्रयत्न केला, एकाही ग्लासशिवाय.) १८२० च्या दशकात ते युरोपातून न्यूयॉर्कजवळच्या एका रोपवाटिकेत आलं, मग बॉस्टनकडे काचघरात खायचं द्राक्ष म्हणून वाढलं, मग गोल्ड रशच्या गर्दीबरोबर इकडे. वाटेत कुठेतरी नाव बदललं, ते कायमचं.

"तेही एच-वन-बीवरच आलेलं," दादा म्हणाला. गेल्या दोन आठवड्यांत त्याने केलेला हा पहिला विनोद. वहिनी इतकी हसली, की काउंटरमागच्या काकांनी आम्हाला एक ग्लास जास्तीचा दिला.

मी म्हटलं, "दादा, नाशिकला पण आहे झिन्फँडेल. सुलावाले करतात. ते सामंत पण स्टॅनफर्डला शिकून, इकडची नोकरी सोडून परत गेले होते."

"त्यांच्याकडे नाशिकला जमीन होती, पिंके," दादा म्हणाला. "माझ्याकडे हडपसरला ड्राय बाल्कनी आहे."

मग त्याने ग्लास फिरवत फिरवत, माझ्याकडे न बघता विचारलं, "तुला ऑफर आलीये ना?"

मी गार.

"काल रात्री जेवताना तू फोन उलटा ठेवला होतास. मेल येऊन मेल न वाचणारी तू नाहीस. आणि तुझा मॅनेजर मला लिंक्डइनवर ओळखतो."

मी जे काही बोलले ते धड वाक्य नव्हतं. सॉरीच जास्त होतं त्यात.

"सॉरी कसलं? येडी आहेस का? यायचं असेल तर ये. मला विचारशील तर..." तो थांबला. "मला विचारू नकोस. आज ४१ वा दिवस आहे. आज मी काय सांगेन त्यावर जाऊ नकोस. पण एक कर. तिकडचं काही विकू नकोस, आणि आल्या आल्या इकडे काही मोठं घेऊ नकोस. आम्ही दोन्ही केलं."

वहिनी म्हणाली, "आणि कुंड्या घे. जमिनीत झाडं लावू नकोस." तिच्या अंगणातल्या कढीपत्त्याला चार वर्षं झाली आहेत. हिवाळ्यात तिने त्याला जुनी चादर गुंडाळून जगवलंय. कुणाला द्यायचा यावरून तिचं दोन मैत्रिणींशी बोलणं चालू होतं, हे मला तेव्हा कळलं.

निघताना दादाने एक बाटली घेतली. मीच म्हणाले असते की आता कशाला खर्च, पण वहिनीने डोळ्यांनी दटावलं. जुन्या वेलींची झिन्फँडेल. काउंटरमागचे काका कागदात गुंडाळता गुंडाळता सांगत होते, की आत्ता उघडलीत तरी छान आहे, पण पाच वर्षं ठेवलीत तर काय होईल बघा. अंधारात, आडवी, हलवायची नाही.

दादा गाडीत बसल्यावर म्हणाला, "पाच वर्षं. हलवायची नाही." आणि बाटली माझ्या मांडीवर ठेवली.

*

सोमवारी मी मॅनेजरला उत्तर दिलं. हो पण नाही, नाही पण नाही. एक महिना मागितला. तो म्हणाला, अशी ऑफर लोक उडी मारून घेतात. मी म्हटलं, माहीत आहे, म्हणूनच. माझा महिना येत्या शुक्रवारी संपतो.

दादाला एका ठिकाणाहून तिसऱ्या राउंडपर्यंत बोलावणं आलं होतं, मग तिकडची पोझिशनच गोठवली. अठ्ठावन्नाव्या दिवशी त्याने व्हिजिटर स्टेटससाठी अर्ज केला. म्हणजे अर्जाचा निकाल येईपर्यंत नोकरी न करता राहता येतं. अकरा वर्षं टॅक्स भरलेला माणूस आता कागदोपत्री टुरिस्ट आहे. व्हाइटबोर्डवर आकडा लिहिणं त्याने सोडलंय. तिथे आता इराने फिडल काढलंय, असा फोटो वहिनीने पाठवला.

बाटली मी चेक-इन बॅगेत दोन कुर्त्यांत गुंडाळून आणली. फुटली नाही. आमच्या कोथरूडच्या घरात अंधारी, आडवी आणि न हलणारी अशी एकच जागा आहे : ओट्याखालचं कपाट, लोणच्याच्या बरणीमागे. आईने काल साफसफाई करताना ती बाहेर काढली आणि उजेडाकडे धरून विचारलं, "हे काय गं? कोकम आहे का?"

म्हटलं, "दादाचं आहे. ठेव परत. आडवंच ठेव."